कोबेच्या घरातले चार नोकर

प्रिय नंदिनी,

आई खापरखेड्याच्या बंगल्यांवर राबली, विटा वाहिल्या, आणि एकाही भिंतीवर तिचं नाव नाही. हे ज्यांना सलतं अशी आपण दोघंच, म्हणून आज कोबेहून तुलाच लिहितोय. कागदाचा फोटो काढून पाठवतो. बोलत नाहीस, निदान वाच.

ज्या बौद्ध परिषदेला आलो ती संपल्यावर आम्हाला बंदरावरच्या टेकडीवरचं एक जुनं विलायती घर दाखवलं. कुण्या गोऱ्या व्यापाऱ्याचं, आता संग्रहालय. चपला काढून आत गेलो. भलंमोठं जेवणाचं टेबल, चांदीचे चमचे, खिडकीतून जहाजं. मागे नोकरांचा जिना, इतका अरुंद की मी अंग चोरून चढलो. वर कुटुंबाचा फोटो, खाली सगळ्यांची नावं. कुत्र्याचंसुद्धा. कडेला उभ्या बायांखाली फक्त 'चार नोकर'.

माझं डोकं फिरलं. तिथेच गरजलो, की जिथे कुत्र्याला नाव आहे आणि स्वयंपाकिणीला नाही, ते घर नव्हे, गुन्ह्याचा पुरावा आहे! आमच्यातले, नागपूरजवळच्या वाडीचे शालिकराम म्हणाले, "भाऊ, इथं तरी सभा नका घेऊ न गा!" लोक हसले, मग टाळ्याही वाजल्या. आमची दुभाषी दिपाली हे सगळं तिथल्या म्हाताऱ्या बाईंना समजावत होती. त्या घर दाखवायच्या. त्यांनी मान लववली आणि साधंच विचारलं: तुमच्याकडे लिहितात का त्यांची नावं?

तासन्‌तास बोलणारा मी, तिथून तडक खोलीवर आलो आणि हा कागद पुढे ओढला.

आपल्या वस्तीतल्या नव्या विहाराच्या शिळेवरची, बांधणाऱ्यांच्या नावांची यादी मीच सांगितली होती. तीन वर्षं कामावरून आल्यावर आईने तिथे विटांच्या टोपल्या वाहिल्या. बाबांनी एक वीट उचलली नाही, तरी नाव त्यांचं. तू सभेत उठून विचारलंस, "दादा, आईचं नाव काहून नाही?" मी म्हणालो, "खाली बस वं, घरप्रमुखाचं लिहितात." सगळे हसले. तेव्हापासून तू बोलली नाहीस.

खरं सांगतो. घरटी एक नाव ही रीत होती, पण ते आईचं लिहिता आलं असतं. मग बाबा वाडीला दुसरा संसार मांडून बसलेत हे दगडावर चढलं असतं, आणि मंचावर माझी मान खाली गेली असती. एवढ्यासाठी मी तिला पुसून टाकलं.

रविवारी अनावरण आहे. डॉक्टर म्हणतात, आईजवळ महिनाही नाही. तरी ती हट्टाने येईल आणि प्रौढ वर्गात शिकली तशी बोट ठेवून वाचेल. मी सोमवारी पोचतो. तू आजच शिळा कोरणाऱ्या भैयाजींकडे जा. बाबांचं लहानू हे नाव घासून काढायला लाव, तिथे प्रेमिला कोरून घे. कुणी अडवलं तर हे पत्र सगळ्यांसमोर, मोठ्याने वाच.

तुझाच, अजून मानत असशील तर,
दादा
प्रेमानंद