आवाज माझा, फोन माझा नव्हता

बेंगळुरू

माय, तुला आणि आप्पांना नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते. हे फोनवर सांगून खरं वाटलं नसतं, म्हणून कागदावर लिहिते.

तू म्हणालीस, आप्पांनी कापसाचं नवं औषध मागवलं, कारण फोनवर "तुन्हाच आवाज व्हता." माय, ती मी नव्हते गं. कंपनीत मी दिवसभर यंत्राला आपली अहिराणी शिकवते. आता ते माझ्याच आवाजात माल विकतं. 'आहे'ला आपण 'शे' म्हणतो, ज्या 'शे'वरून कॉलेजात पोरी मला हसायच्या, त्याच 'शे'साठी इथे मला घेतलं. केवढी खूश झाले होते मी!

इथल्या बंगलेवाल्यांशी बोलायला माणूस ठेवतात आणि आपल्या धानोऱ्याला फोन करायला यंत्र लावतात. साहेबांना विचारलं, तर म्हणाले, गावाकडची माणसं आपल्या बोलीवर पटकन विश्वास ठेवतात. नोकरी सोडावी म्हणते. पण आवाज तर त्यांच्याकडेच राहणार.

आप्पांवर चिडू नकोस. त्यांचा गुडघा कसा आहे?

यापुढे माझा फोन आला की आधी मला 'रडकी' म्हण. पोरगी गोड हसली तर फोन ठेवून दे. भांडायला उठली तर समज, ती

तुन्हीच,
स्वप्नाली