बसायला जागा

४ मार्च, मंगळवार

— आणि तागा तिच्या हातातून सुटला. पडद्याचं जाड कापड, शिडीवरून थेट गिऱ्हाइकाच्या पायाशी. बाई हसल्या. मालक हसले नाहीत. मी धावत जाऊन तागा उचलला. भिंगरी शिडीला धरून उभी. चेहरा पांढराफटक.

चादरींच्या मांडणीमागे गेल्यावर म्हणाली, "ताई, खुर्ची हो ना जरा."

आमच्या दुकानात काम करणाऱ्यांनी बसायचं नाही. गिऱ्हाईक असो वा नसो. म्हणून आम्ही दोघींनी हे काढलंय. पाठीला पाठ लावायची. एकीने रेलायचं, दुसरीने तोलायचं. हात पुढे घड्या घालतच असतात. लांबून वाटतं, दोघी दोन बाजूंच्या मांडण्या लावतायत!

आज ती रेलली ती उठेचना.

"तिसरा लागलाय," म्हणाली. "कुणाजवळ बोललीस तर बघ."

६ मार्च

मालकांना कळता कामा नये. पडद्यांकडे आधी जी बाई होती तिने हसत हसत सांगितलं होतं. मालकांनी अभिनंदन केलं. दुसऱ्या आठवड्यात "आता घरी आराम कर" म्हणून काढून टाकलं.

भिंगरीचा नवरा घरी आहे. एकाकडे गाडी चालवायचा, त्याने गाडीच विकली. सगळं हिच्यावर. आणि ही हसते! आज मला म्हणते, "तुझं लग्न झालं असतं तर माझी खुर्ची कोण झालं असतं गं?" मी चिमटा काढला. ती ओरडली. मालकांनी मान वर केली.

११ मार्च

अजून शिडीवर चढते. मी आधी चढायला बघते, तर मला ढकलून पुढे होते. "कळेल ना त्यांना!"

१४ मार्च

रजा काढून कामगार कार्यालयात गेले. तिला सांगितलं नाही. निरीक्षक बाई जेवणाचा डबा उघडून बसल्या होत्या. खाता खाताच बोलल्या. "बसायला जागा द्यावीच लागते. मागायला लाजता कसल्या? आणि गरोदर आहे म्हणून काढता येत नाही."

मी विचारलं — मालकाला माहीतच नसेल तर?

"मग तो म्हणेल, मला काय स्वप्न पडलं होतं? आधी त्याच्या कानावर घाला. चार माणसांसमोर."

घरापर्यंत चालत आले. बस आठवलीच नाही.

१७ मार्च, सोमवार

सांगितलं. चार माणसांसमोर.

आधी फक्त स्टुलं मागितली. मालक म्हणाले, "आज स्टूल, उद्या पलंग मागाल." सगळे हसले. दुकानात एकट्या कॅशियरला खुर्ची आहे, तोही हसला. मग म्हणाले, "कापड उभ्याने विकलं जातं. बसलेल्या माणसाकडून कोण घेतं?"

मी म्हटलं, "मग हिला तरी द्या. दिवस गेलेत तिला. आणि कायद्याने आता तुम्हाला तिला काढता येणार नाही."

माझा आवाज केवढा मोठा होता!

"अरे वा," मालक म्हणाले. अगदी मऊ. "गोड बातमी."

भिंगरी गिऱ्हाइकासाठी कापड मापत होती. तिने ते पुन्हा पहिल्यापासून मापलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

१८ मार्च

तिला वर गोदामात टाकलंय. तागे चढवायचे, उतरवायचे. मी मालकांना विचारायला गेले.

"काढलं कुठे? काम बदललंय. कायद्यात बसतं ना? तुम्हीच सांगा."

१९ मार्च

जिन्यात भेटली. "ताई, तुला कुणी विचारलं होतं?" एवढंच.

२१ मार्च

आली नाही. कॅशियर म्हणतो, सोडून गेली. संध्याकाळी तिच्या घरी गेले. सासूबाई दारातच. "झोपलीय ती." आतून तिचा आवाज येत होता, कुणाला तरी मीठ कुठे ते सांगत होती. सासूबाईंनी ऐकलं, मीही ऐकलं. "झोपलीय," त्या पुन्हा म्हणाल्या.

घरी आईला सगळं सांगितलं. आई म्हणाली, "तू चांगलंच करायला गेलीस गं."

ताटावरून उठले.

२२ मार्च

चादरी लावताना सवयीने मागे रेलले. मांडणीची कड पाठीत घुसली. पलीकडच्या नव्या मुलीने विचारलं, "काय झालं?" काही नाही.

मी तिला विचारायला हवं होतं. कायदा बरोबर होता. बाईही बरोबर होत्या. पण ते तिचं होतं, आणि तिने ते फक्त माझ्या हाती दिलं होतं.

२४ मार्च, सोमवार

तक्रार दिली, माझ्या नावाने. माझं काय करायचं ते करोत.

निरीक्षक बाई म्हणाल्या, उद्या सकाळी दुकानात येते. "तिला यायला सांगा. तागे उचलायला लावून मला जायला भाग पाडलं, एवढं तिने म्हटलं की पुरे. परत कामावर घ्यावंच लागेल त्यांना."

तिचा नवरा कोपऱ्यावर भेटला. निरोप दिला. तो म्हणाला, "बघतो." चेहरा सुधारलाय त्याचा. दाढी केलेली.

येईल ती. रागावलेली आली तरी चालेल. सगळ्यांदेखत मला बोलली तरी चालेल. एकदा परत कामावर येऊ दे, मग वर्षभर बोलली नाही तरी मी शेजारी उभी राहीन.

२५ मार्च

आली. मालकांच्या गाडीतून, मालकांबरोबर. गाडी तिचा नवरा चालवत होता.

निरीक्षक बाईंनी विचारलं. ती म्हणाली, "मी स्वतःहून सोडलं. मला कुणी काही केलं नाही."

"पण ह्या म्हणतात —"

"ह्यांची माझी ओळख कामापुरती होती."

बाईंनी लिहून घेतलं, तिची सही घेतली आणि गेल्या. नवऱ्याने तिच्यासाठी गाडीचं दार उघडलं. मग पहिलं गिऱ्हाईक आलं. त्यांना निळे पडदे हवे होते. मी शिडी लावली.