वन्संचं साखरपाणी

४ मार्च
आले एकदाची. ह्यांच्या चष्म्याच्या दुकानावर तीन खोल्या, आणि चाळिशीत मांडलेला माझा संसार. खालून भिंगं घासल्याचा आवाज येतो, मांजर गुरगुरावं तसा. ह्यांची थोरली बहीण इथेच राहते, निवृत्त नर्स. वन्संनी माझी बॅग उचलली, उशांचे अभ्रे बदलले, आणि म्हणाल्या की घरात सासू नाही, त्यामुळे टोमण्यांचं खातंही त्यांच्याच गळ्यात पडलंय. हसून पोट दुखलं.

११ मार्च
पहाटे घामाने चिंब होऊन उठले. पुढचं काही आठवत नाही. भानावर आले तेव्हा मी दुकानात, पायाशी फुटक्या भिंगांचा खच, आणि वन्सं माझ्या तोंडाला पेला लावून बसलेल्या. साखरपाणी. ते पोटात गेलं आणि डोकं लख्ख झालं. वन्संना उतारा ठाऊक कसा?

१७ मार्च
परत तेच. परत त्याच पेल्याने बरी. जिच्यापाशी उतारा तयार, विषही तिनेच दिलं नसेल कशावरून? जिन्यात ऐकलं, वन्सं ह्यांना सांगत होत्या की तपासणीत हिच्या रक्तात इन्शुलिन फार निघालंय. त्यांच्या कपाटात इंजेक्शनच्या सुयांचा डबा आहे. मी पाहिलाय.

२० मार्च
डॉक्टर म्हणाले, स्वादुपिंडात वाटाण्याएवढी गाठ आहे. क्वचित कुणाला होते. ती गरज नसताना इन्शुलिन सोडते, रक्तातली साखर उतरते, मग घाम, भ्रम, नाही नाही ते संशय. ऑपरेशनने बरं वाटेल, तोवर उपाशी राहायचं नाही. बोलताना बघत होते वन्संकडे. दोघं एकाच इस्पितळात होते म्हणे. नाही नाही ते संशय! छान जमवलंय.

२२ मार्च
वन्संच्या हातचं बंद. घास रुमालात लपवते, खिडकीतून टाकते. ओळी वाकड्या जाताहेत. हे अक्षर माझं नाही.

२३ मार्च
आतून कडी घातलीय. हे बाहेरून दार ढकलताहेत — वन्सं रडताहेत. म्हणतात, तुझ्या हाताने घे, पण घे गं. दाराखालून साखरेची पुडी सरकवली. ओतून दिली खिडकीबाहेर.

अंगठ्याला दाणे चिकटले होते. चाटले.

साखर. नुसती साखर—

म्हणजे ती गाठ — माझ्यातच —

उघडते, म्हणाले त्यांना. आवाज फुटला की नाही कोण जाणे. कडी हातात आहे — ही कडी — वर करायची, की खाली, की