मुंजाचा शिरा

घाटंजी, बुधवार

आदरणीय जीवनभाऊजी यांस बापूजीचा दोन्ही हात जोडून नमस्कार. आपले गुडघे आणि आमच्या ताईचा खोकला आता कसा आहे ते कळवावे. पाकीट दोनदा चिकटवले आहे. एकदाच चिकटवलेले मिळाले तर मधे कोणीतरी वाचले असे समजावे. (फोनच केला असता, पण माझा फोन हल्ली आमच्या सौभाग्यवती बेबीजवळ असतो, आणि का असतो ते मला अजून कळलेले नाही.)

तर आमच्या घरात मुंजा आणला आहे. तीन महिने पीठगिरणीवर गिऱ्हाईक फिरकत नव्हते. कोणाची तरी करणी असणार, असे मी म्हटले मात्र, बेबीने बाभुळगावचा मांत्रिकच गाठला. म्हणे त्याच्या ताब्यात पिंपळावरचा एक मुंजा आहे, सात दिवस भर दुपारी बाराला शिऱ्याचा नैवेद्य दिला की ते भूत घरात पैसा ओढून आणते. अट एकच, घरातल्या कोणी संशय घ्यायचा नाही. हे सांगताना तो माझ्याकडेच का पाहत होता, हा माझा पहिला संशय. (दुसरा तुपाचा. सात दिवसांच्या शिऱ्याला अडीच किलो तूप लागते का, ताईला विचारून कळवावे.)

लोक मलाच संशयी म्हणतात. गिऱ्हाईकाच्या धान्यात मी कोपरापर्यंत हात घालून पाहतो, दळण झाल्यावर त्याची पिशवी दोनदा तोलतो, आणि तो वळणावरून दिसेनासा होईपर्यंत पाहत राहतो. याला धंदा म्हणतात.

नैवेद्य गिरणीतच ठेवायचा आणि आम्ही सगळ्यांनी अंगणात बसायचे. आत फक्त मांत्रिक. रोज शिरा निम्मा होई आणि मुंजा जेवला असे तो सांगे. उरलेला शिरा पिंपळाखाली ठेवला जाई. सहा दिवस मी गप्प राहिलो. सातव्या दिवशी हळूच शिऱ्यात जमालगोटा कालवला. मुंजाला पोट नसते, ज्याला असेल तो सापडेल. बेत चोख होता. फक्त सातवा दिवस सांगतेचा, सांगतेचा नैवेद्य प्रसाद म्हणून घरातच वाटतात आणि पहिला घास कर्त्याचा असतो, एवढे डोक्यातून गेले. मांत्रिकाचा नेमका त्या दिवशी उपास निघाला. (त्याला कोणी सांगितले?) भरले पातेले माझ्यापुढे आले. बेबी आणि शेजारची लालीबाई हात पुढे करून बसलेल्या. खरे सांगावे तर अट मोडली, न सांगावे तर बायका आडव्या होणार. मी सगळा शिरा एकट्याने खाल्ला. माझी भक्ती पाहून बेबीच्या डोळ्यांत पाणी आले.

पुढचे पत्रात लिहिण्यासारखे नाही. मांत्रिक संडासाच्या दाराबाहेर उभा राहून शांतपणे म्हणाला, "निघू द्या. पोटातला संशय निघून राह्यला."

पाच दिवस मी खाटेवर होतो आणि गिरणीवर बेबी बसली. भाऊजी, रांग लागली. पाचव्या दिवशी ती गल्ला घेऊन खाटेजवळ आली आणि म्हणाली, "मुंजा पावला जी. पण महाराज म्हणते, तुमी गादीवर बसले का तो चालला जाते. आता तुमी कायले बसता?"

वीस वर्षे मी त्या गादीवर बसलो आहे. फार वाईट वाटले.

ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
बापूजी

ता. क. ताईची तब्येत बरी नाही, बापूजीला महिनाभर आमच्याकडे नेरला पाठवा, असा फोन बेबीला लवकर करावा. तुम्ही बोलावल्यामुळे मी गेलो असे दिसले पाहिजे, गादीवरून उठवल्यामुळे नव्हे.

आणखी ता. क. खाटेवरून मला गिरणी दिसत होती. आलेली सगळी माणसे आमची जुनीच गिऱ्हाईके. लालीबाई बेबीला हळूच म्हणाली, "बापूजी उठले का आधी सांगजो माय, मंग मी बाजारातल्या चक्कीवर जाईन." मी ऐकले. काल मांत्रिक आला तेव्हा मी स्वतः त्याच्या पाया पडलो आणि मुंजा अजून वर्षभर राहू द्या म्हणून विनवले. तो खोटा ठरला, तर घरात पैसा मी गादीवरून उठल्याने आला असे ठरते. म्हणून भाऊजी, हात जोडतो, त्याच्यावर तुम्हीही संशय घेऊ नका.