शेवट माहीत असलेला सिनेमा

धुळे

तीर्थरूप आबांच्या पायाशी सुलक्षणाचा नमस्कार.

मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. फक्त दमले आहे. ऐतिहासिक सिनेमा आजच्या लोकांना का आवडतो, हा माझ्या प्रबंधाचा विषय. त्यासाठी रोज तोच सिनेमा. पडद्याकडे पाठ करून मी बघणाऱ्यांची तोंडं बघत बसते. तलवारींचा खणखणाट आता कानातून जातच नाही.

काल कोकिळाबाई म्हणून एक आजी ऐन लढाईत घोरत होत्या. चौथ्यांदा आल्या होत्या! झोपायचंच तर येता कशाला, असं विचारलं. म्हणाल्या, "पोरी, राजा जिंकस हाई माले माहीत शे. म्हनीसन निवांत झोप लागस."

शेवट ठाऊक असला की निवांत झोप लागते, हे उत्तर माझ्या मार्गदर्शक सरांना फार आवडलं. मला मात्र त्या आजींचा हेवा वाटला.

आईचे गुडघे कसे आहेत? तिला जिने चढू देऊ नका.

आबा, तुमच्या गळ्यातल्या गाठीचा रिपोर्ट येऊन आठवडा झाला. फोनवर विचारलं की तुम्ही केळीच्या बागेचं काढता आणि आई फोन ठेवून देते. म्हणून हे पत्र. रिपोर्टमध्ये काय असेल ते सरळ लिहा. मी रडेन, पण झोपेन तरी.

तुमची लेक,
सुलक्षणा