धोंड्याचं घड्याळ

लोणी भापकर,
ता. ९ जून २०२६

दिग्विजयराव, आठवडा झाला तुमी गेलात. फोन आला तो मेव्हण्याला, सूरजला, आन विचारलंत काय, तर घड्याळात पाणी शिरलं का! आमची प्रगती, तुमची बायको, हितंच बसून हाय. ती जिती हाय का मेली, ते न्हाय विचारलं.

आशीर्वाद. नातजावयाला द्यावाच लागतो. आमी बरी हाय. लोणी देवकरची तुमची कंपनी चालली असंल.

आधी घड्याळाचं. तुमच्या सासऱ्यानं, रामहरीनं, बारामतीत उघडून दाखवलं. कारागीर म्हणाला, हे घालून पोहलं तरी चालतं, पण बाजूची चावी घट्ट पिळलेली पायजे. तुमी वेळ लावून ती बाहेरच ठेवली, तितनं पाणी गेलं. आता चालतंय. चिठ्ठीसंगं सूरजकडं देते.

घड्याळ तरी दुरुस्त झालं. शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद शेवाळलेला, त्यावर पाय ठरत न्हाय, हे धोंडे खायला आलेल्या जावयाला कुणी सांगावं? भारी घड्याळ पाण्यात चालतंय हे दाखवायला उडी टाकलीत. तुमाला वर येता यीना, तवा सूरजनं ठिबकची नळी फेकली. तुमी धरली. मग पट्ट्याचा खटका निघाला, आन तुमी नळी सोडून घड्याळ धरलं. गेलात खाली. रामहरीनं, ह्या वयात, कपड्यासकट उडी टाकून वर काढलं, तर खोकत सासऱ्यालाच म्हणता, "मामा, घड्याळ वाचलं बघा!"

प्रगती काठावर हुती. रडली न्हाय. तवापासनं येकच म्हणती, "आज्जी, त्यांनी नळी सोडली." सासरचं नाव काढलं की भांडी घासायला बसती. घासलेलीच.

एक गोष्ट तिला ठाव न्हाय. रामहरीनं धोंड्याच्या ताटावर घड्याळ तुमच्या मनगटात घातलं, तवा ती आत वाढायचं बघत हुती. मी म्हणले, "हे हरवलंत तर आमचा उंबरा चढू नका, जावई." सगळी हसली. तुमी न्हाय हसलात.

माझी जीभ जन्माची अशीच. घरात कुणी मनावर घेत न्हाय. तुमी घेतलंत का? म्हणून सोडली का नळी? मी सांगितलं तर तिला वाटंल, आज्जी पांघरूण घालती. माझ्या बोलण्यापायी असंल तर तसं सांगा, मी तिच्यापुढं कबूल हुईन. घड्याळाच्या हावेपायी असंल तर तेबी सांगा. खोटं बोलून पोरगी न्यायची न्हाय.

प्रयागबाई

उत्तर मला नको, प्रगतीला द्या. फोनवर न्हाय, आईला पुढं करून न्हाय. तुमीच या आन तिच्याकडं बघून बोला.