टेकडीच्या बसला तीस माणसं

३ नोव्हेंबर
बस बंद होणार! टेकडीच्या स्टॉपवर डेपोने नोटीस चिकटवली आहे. सकाळच्या सात चाळीसच्या फेरीला रोज जेमतेम अकरा प्रवासी. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, सोमवार ते शुक्रवार, रोज तीस दिसले तर फेरी ठेवणार. नाहीतर रद्द.

सासूबाईंनी चष्मा लावून नोटीस दोनदा वाचली. रोज याच बसने त्या खाली धाकट्या बहिणीकडे जातात. मावशी अंथरुणाला खिळलेल्या. सकाळचे चार घास सासूबाईंच्याच हातून खातात, नर्सने भरवलं तर तोंड मिटून घेतात. मी म्हटलं, आई, मी सोडत जाईन गाडीने. त्या म्हणाल्या, "मला कुणी सोडायला नको. माझी मी जाते."

आणि मी तरी कशी सोडणार? सात ते नऊ माझे तीन विद्यार्थी. ड्रायव्हिंग स्कूलची खरी वेळ तीच.

४ नोव्हेंबर
सातची शिकवणी पुढे ढकलून स्टॉपवर उभी राहून मोजलं. पंचवीस मिनिटांत बावन्न गाड्या उतरल्या, बहुतेक गाड्यांत एकेकच माणूस. आणि त्यातली निम्मी माणसं माझी! एकोणीस वर्षांत मीच शिकवलेली. मला बघून पटापट सीटबेल्ट चाचपले सगळ्यांनी. एकाने तर कुठेही वळायचं नसताना इंडिकेटर दिला. हसून हसून पोट दुखलं.

मग वाटलं — यांना गाडीत मी बसवलं ना? मग उतरवणारही मीच.

७ नोव्हेंबर
तीन दिवस दारोदार. कुणी नाही म्हणत नाही, कुणी येतही नाही! औषधांच्या दुकानदाराला उशिराची भीती. शिवणकामवालीकडे गठ्ठे. शाळेतल्या बाई मात्र खरं बोलल्या. म्हणाल्या, गाडीतली वीस मिनिटं सोडली तर दिवसभरात माझा एकटीचा, शांत वेळ मला मिळतच नाही.

घरी येईपर्यंत तेच डोक्यात.

८ नोव्हेंबर
सुचलं! कंडक्टरला गाठलं. पुढच्या तीन रांगांत कुणी कुणाशी बोलायचं नाही, असं ठरवता येईल का? तो डोकं खाजवत म्हणाला, नियमात नाही, पण नियमाविरुद्धही नाही. बाईंना लगेच फोन केला. सोमवारपासून येतायत!

१२ नोव्हेंबर
सतरा. शिवणकामवालीचे गठ्ठे कंडक्टर स्वतः चढवतो. मला नाचावंसं वाटतंय.

१४ नोव्हेंबर
दोन नव्या विद्यार्थ्यांनी नाव काढून घेतलं. मॅडम, तुम्हीच म्हणता ना बस बरी! नवरा स्कूलच्या गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं घालून बसला होता. आतूनच म्हणाला, आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतेयस, निदान चप्पल तरी घाल. सातची वेळ आता रिकामी.

पण हसू कमी होत नाही. काय झालंय मला?

१९ नोव्हेंबर
अठ्ठावीस! आता बँकेचे मॅनेजर उरले. आमच्या समोरच राहतात. त्यांची गाडी रोज बसच्या मागेमागेच उतरते, उतारावर ओव्हरटेक करायचं धाडस अजून होत नाही. माझ्याकडेच शिकले, लायसन्सच्या परीक्षेत पाच वेळा नापास झाले होते, सहाव्यांदा पास. आज गेटपाशी धरलं. किल्ल्या खुळखुळवल्या. मग म्हणाले, "मॅडम, आता गाडी सोडली तर लोक म्हणतील, याला शेवटपर्यंत जमलंच नाही."

बारा वर्षं झाली पास होऊन. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्यांनी सरळ फोन लावला. "सोमवारी माझ्या शेजारी जागा धरते. ये." आणि ठेवून दिला.

२४ नोव्हेंबर
एकतीस! पण मॅनेजर नाहीत. सासूबाई मागच्या रांगेत. शेजारी रुमाल. कुणाला बसू दिलं नाही म्हणे.

२५ नोव्हेंबर
तेहतीस. रुमाल एकटाच गेला आणि आला.

२६ नोव्हेंबर
बरोब्बर तीस. कंडक्टर म्हणतो, रुमालाचं तिकीट फाडू का? सासूबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो थेट ड्रायव्हरपाशी जाऊन उभा राहिला.

२७ नोव्हेंबर
आजचा दिवस!

बाईंना ताप. दुकानदार लग्नाला. मी स्वतः चढले, तरी एकोणतीस. दोन स्टॉप गेले, कुणी चढेना. टेकडीवरच्या शेवटच्या स्टॉपवर कंडक्टरने माझ्याकडे बघून मान हलवली.

मागच्या काचेतून मॅनेजरांची गाडी दिसत होती. नेहमीसारखी आमच्या मागेच अडकलेली. सासूबाई वळल्या. हाक नाही, खूण नाही. रुमाल उचलला, सीट झटकली आणि त्यांच्याकडे बघत बसल्या. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. देव त्याचं भलं करो! मागून हॉर्न वाजायला लागले.

मॅनेजरांनी गाडी कडेला घेतली. दोन गाड्यांच्या मध्ये एका दमात, सुरेख लावली. मी काचेला नाक लावून बघत होते. कुलूप लावलं, दोनदा तपासलं, बॅग छातीशी धरून वर चढले. ते मागे आले आणि म्हणाले, "काकू, खिडकी मला."

सासूबाई सरकल्या.

वळणावर ते एकदम उठून उभेच राहिले. त्यांच्याच बँकेचा भलामोठा फलक आहे तिथे. बारा वर्षांत पहिल्यांदा दिसला म्हणे! रस्त्यावरची नजर कधी हललीच नव्हती. उतरताना मला म्हणाले, "मॅडम, गाडी मी नीट लावली ना?" मी म्हटलं, माझ्यापेक्षा नीट. खरंच सांगते, खोटं नाही.

२८ नोव्हेंबर
चौतीस!! बाई तापातून उठून आल्या, मफलर गुंडाळून. पुढच्या रांगांतसुद्धा सगळे बोलत होते. आज त्यांनीच माफ केलं.

१ डिसेंबर
डेपोतून फोन. फेरी राहिली, नऊची आणखी एक वाढली. तिच्यासाठी ड्रायव्हर नाही. माझ्याकडे जड वाहनाचा परवाना आहे, हे साहेबांना कुणीतरी सांगितलं होतं. हौसेने काढलेला, कपाटात पडून आहे. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हणून मोकळी झाले. नवरा समोर जेवत होता, त्याला विचारायचंही सुचलं नाही.

तो हात धुऊन उठला. शेजाऱ्यांकडून शिडी आणतोय. स्कूलची पाटी उतरवायला.